दावा लढवावा की मिटवावा?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी किंचित विस्तारून)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली की, कायद्याविषयी काही बोलावे, ते सर्वांस समजावे आणि भोजनाची पाने मांडली जाण्यापूर्वी संपावे. वकिलास अशी तिहेरी अट घालणारा चिटणीस धाडसी म्हटला पाहिजे. त्यांच्या आज्ञेचे पालन आमच्याकडून कितपत होते ते पाहू.

विषय आम्हीच निवडला आहे आणि तो आनंदाचा नाही. दुसऱ्याच्या हयगयीने आपल्या घरातील माणूस दगावले किंवा अपंग झाले, नुकसानभरपाईचा दावा दाखल झाला, आणि काही महिन्यांनी समोरून निरोप आला की, “अमुक रक्कम घ्या आणि प्रकरण मिटवा.” त्या घटकेस काय करावे? गेल्या पस्तीस वर्षांत हा प्रश्न आमच्यापुढे अनेकदा आला. त्याचे उत्तर आम्ही काही वेळा बरोबर दिले, काही वेळा चुकीचे दिले. आणि चुकीचे दिलेलेच अधिक आठवते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात याचे एक ठरीव उत्तर असते: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण आम्हांस पोट भरू देत नाही, हे सोडा. पण तिचा उपयोग कोण करतो हे पाहावे. ज्याने नुकसान केले त्याच्या बाजूचा मनुष्य ती फार गोड आवाजात म्हणतो. उलट, ज्याचे नुकसान झालेले नाही असा नातेवाईक छाती पुढे काढून म्हणतो, “सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊ!” या दोन आवाजांच्या मध्ये, ज्याचे खरोखर गेले आहे तो मनुष्य, आणि बहुधा ती बाई, गप्प बसलेली असते. आमच्या आजच्या बोलण्याचा रोख तिच्याकडे आहे.

प्रथम एक उदाहरण सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून यातील आणि पुढील हकीकतींतील तपशील आम्ही मुद्दाम थोडे बदलले आहेत.

2018 साली आपल्या ज्ञातीतील एक चौतीस वर्षांचे गृहस्थ मोटारसायकलवरून घरी येत असता समोरून आलेल्या टेंपोची धडक बसून जागीच वारले. खासगी कारखान्यात नोकरी, पगार दरमहा 24,000 रुपये. मागे पत्नी, दोन लहान मुले आणि वृद्ध आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दावा लावला. पहिल्या लोकअदालतीत विमा कंपनीने बावीस लाख रुपये देऊ केले. मृताचे थोरले बंधू उठून म्हणाले, “भावाच्या रक्ताचा सौदा आम्ही करणार नाही. पन्नास लाखांच्या खाली एक पैसा घेणार नाही.” सगळे घर त्यांच्यामागे उभे राहिले.

आता हा आकडा कोठून यावा? पन्नास लाख हा रागाचा आकडा होता आणि बावीस लाख हा कंपनीच्या सोयीचा. न्यायालय मात्र एका ठरीव रीतीने हिशेब करते, आणि ती रीत प्रत्येक घरातील एका तरी माणसास ठाऊक असावी. सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 साली दिलेल्या दोन निर्णयांनी ती बांधून दिली आहे. मृताचे वार्षिक उत्पन्न घ्यावयाचे. पुढे ते वाढले असते म्हणून त्यात वयाप्रमाणे काही भर घालावयाची. तो स्वतःवर जे खर्च करीत असे ते वजा करावयाचे. आणि उरलेल्या रकमेस वयावरून ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. या गृहस्थांचे उत्पन्न वर्षाला 2,88,000. चाळिशीच्या आतील ठरावीक पगारदार, म्हणून 40 टक्के भर, झाले 4,03,200. अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून एक चतुर्थांश वजा, राहिले 3,02,400. वय 31 ते 35 मध्ये, म्हणून गुणक 16. गुणाकार येतो 48,38,400. याशिवाय अंत्यसंस्काराचा खर्च आणि पतीच्या, पित्याच्या सहवासाची हानी यांसाठी ठरीव किरकोळ रकमा, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज.

म्हणजे थोरल्या बंधूंचा पन्नास लाखांचा आकडा वेडेपणाचा नव्हता. मग कंपनी बावीस लाखांवर का अडली? पोलिसांच्या पंचनाम्यात मोटारसायकल रस्त्याच्या मध्यरेषेच्या किंचित पलीकडे पडलेली दाखविली होती. कंपनीचे वकील म्हणत, निम्मी चूक मृताची. निम्मी चूक धरली तर 48 लाखांचे 24 लाख होतात, आणि त्यातून थोडी घासाघीस करून बावीस. न्यायाधीशांनी पाव चूक धरली, तर छत्तीस लाख. मुळीच चूक न धरली, तर पूर्ण. सारा वाद या एका रेषेपाशी होता, रक्ताच्या सौद्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

म्हणून आम्ही पहिल्या दिवशी तडजोड नाकारली. परंतु “सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊ” म्हणून नव्हे. आम्ही अपघाताच्या जागी गेलो. तेथे एक रसवंतीगृह होते. मालकाने सांगितले की, टेंपो दुसऱ्या एका वाहनास मागे टाकून पुढे येत होता आणि धडक बसल्यावर मोटारसायकल घसरत पलीकडे गेली. पोलिसांनी त्याचा जबाब घेतलाच नव्हता. आम्ही त्याचे शपथपत्र दाखल केले, त्यास साक्षीस उभे करण्याची तयारी ठेवली. आठ महिन्यांनी पुढची लोकअदालत भरली, तेव्हा त्याच कंपनीने पस्तीस लाख देऊ केले. तडजोडीचा भाव हा असा ठरतो, मंडळी. जो दावा लढविण्यास खरोखर तयार असतो त्यासच तो मिटविताना योग्य मोल मिळते. जो पहिल्यापासून मिटविण्यासच आलेला आहे, त्यास समोरचा पक्ष दारातच ओळखतो.

पस्तीस लाख घ्यावे की लढावे? आम्ही त्या घराला दोन्ही बाजू मांडून दाखविल्या. लढल्यास कदाचित अठ्ठेचाळीस आणि वर व्याज. पण निकालास आणखी तीन-चार वर्षे, मग कंपनीचे उच्च न्यायालयात अपील, आणि पाव किंवा निम्म्या चुकीचा धोका डोक्यावर टांगलेला. लोकअदालतीत मिटल्यास तो हुकूमनामा अंतिम. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये त्यावर अपील नाही. हे कलम दुधारी आहे. कंपनीस अपील नाही, तसे आपल्यासही नाही.

थोरले बंधू अजूनही पन्नासाच्या खाली येईनात. तेव्हा आम्ही विनंती केली की, आम्हांस पाच मिनिटे वहिनींशी एकटे बोलू द्यावे. दार लोटले. त्या बाई बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळीत बसल्या. मग म्हणाल्या, “वकीलसाहेब, एवढेच सांगा. पैसे कोणाच्या नावावर येतील?”

आठ महिने त्या घरात रकमेची चर्चा चालली होती, आणि हा प्रश्न त्यांना विचारता आला नव्हता. आम्ही सांगितले की, रक्कम न्यायाधिकरण वाटून देते: पत्नीचा हिस्सा, दोन्ही मुलांचा हिस्सा, आईचा हिस्सा. मुलांची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहील, पत्नीच्याही रकमेचा मोठा भाग ठेवीत ठेवता येईल, आणि धनादेश थेट त्यांच्या खात्यावर जमा होईल. दिराचा त्यात हिस्सा नाही. त्या म्हणाल्या, “मग पस्तीस घ्या. धाकटीला यंदा शाळेत घालायचे आहे.” आम्ही बाहेर येऊन निर्णय सांगितला. थोरले बंधू रागावून गेले. पुढे त्यांचा राग निवळला, हे त्यांच्याविषयी न्यायाने सांगितले पाहिजे. भावाच्या मृत्यूचे दुःख त्यांचेही खरेच होते, फक्त ते पन्नास लाखांच्या आकड्यात जाऊन बसले होते.

येथे एक गोष्ट भगिनींसाठी. पुनर्विवाह केला तर नुकसानभरपाईचा हक्क जातो, अशी भीती अनेक तरुण विधवांना घातली जाते. ती निराधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 साली हे स्पष्ट केले आहे.

आता आमच्या चुकीकडे येतो. वकिली सुरू करून फार दिवस झाले नव्हते. 1991 साली एका अकरा वर्षांच्या मुलाच्या पायावरून मालमोटारीचे चाक घासून गेले. गुडघ्याजवळचे हाड मोडले होते. तीन महिन्यांत प्लास्टर निघाले, मुलगा चालू लागला, आणि कंपनीने चाळीस हजार देऊ केले. वडील पोस्टात नोकरीस, डोक्यावर बहिणीच्या लग्नाचे कर्ज. त्यांस ती रक्कम मोठी वाटली आणि खरे म्हणजे आम्हांसही वाटली. पहिली मोठी तडजोड घडवून आणल्याचा आनंद आमच्या मनात होता, हे आज कबूल करतो. अज्ञान मुलाच्या दाव्यात तडजोड करावयाची तर न्यायालयाची परवानगी लागते. पालकाने परस्पर सही करून भागत नाही. ती परवानगी आम्ही मागितली, “इजा पूर्ण बरी झाली आहे” असे अर्जात लिहून. न्यायाधीशांनी आमच्या शब्दावर ती दिली.

मुलगा चौदा वर्षांचा झाला तेव्हा एक पाय दुसऱ्याहून जवळजवळ दोन इंच आखूड होता. डॉक्टरांनी सांगितले की, गुडघ्याजवळ हाडाचे जे टोक वाढत असते त्यासच इजा झाली होती. लहान मुलात ती लगेच दिसत नाही. मूल वाढते, पाय वाढत नाही, तेव्हा दिसते. वडील आमच्याकडे आले. कागदावर “सर्व हक्क पूर्ण व अंतिम चुकते” असे आमच्याच हाताने लिहिलेले होते. दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी एक रुपयाही मागता येईना. वडील आम्हांस एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

तेव्हापासून इजेच्या दाव्यात आम्ही एक नियम पाळतो. इजा स्थिरावल्यावाचून तडजोड करावयाची नाही, आणि लहान मुलाच्या बाबतीत वाढीच्या हाडाविषयी अस्थिरोगतज्ज्ञाचे लेखी मत घेतल्यावाचून तर मुळीच नाही. घाईची तडजोड ही प्रतिवादीस नेहमी स्वस्त पडते, कारण इजेची पूर्ण किंमत त्या वेळी कोणासच ठाऊक नसते.

तर मग लढणेच बरे, असे कोणी म्हणेल. लढण्याचाही हिशेब पाहावा. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहास 13 जून 1997 रोजी लागलेल्या आगीत 59 माणसे गेली. त्यांच्या कुटुंबांनी एकत्र येऊन मोठ्या निर्धाराने लढा दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2003 साली वीस वर्षांवरील प्रत्येक मृतामागे अठरा लाख आणि त्याखालील वयाच्या मृतामागे पंधरा लाख ठरविले. आठ वर्षांनी, 2011 साली, सर्वोच्च न्यायालयाने ते आकडे दहा लाख आणि साडेसात लाखांवर आणले. खालच्या न्यायालयातील विजय हा वरच्या न्यायालयात तसाच राहील, असे धरून चालता येत नाही. आकडा हातात पडेपर्यंत तो आपला नव्हे.

आणि तरीही. हे “तरीही” सांगितल्यावाचून आमचे भाषण पुरे होणार नाही, आणि त्यासाठी आपल्याच कोकणातील एक जुनी हकीकत सांगावी लागेल.

6 मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळ पालशेत नावाचे गाव आहे. तेथील वाळूच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या सुमारास वीस वर्षांचा एक तरुण पडला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. पुढे टॅक्सीत निजवून, रात्री एकच्या सुमारास निघून, सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून, 9 मे रोजी त्यास पुण्यास आणले. त्याचे वडील स्वतः डॉक्टर, दौंड येथे व्यवसाय करणारे. ते पुण्यास येऊन थांबले होते. तरुणास एका शल्यविशारदांच्या रुग्णालयात दाखल केले. सायंकाळी हाड बसवून प्लास्टर घातले. त्रास नाही असे समजून वडील दौंडास परतले. त्यानंतर तासाभरात तरुणाचा श्वास अडू लागला आणि त्याच रात्री तो वारला.

वडिलांचे म्हणणे असे की, योग्य भूल न देता आणि अतिरिक्त जोर लावून हाड बसविले, त्या धक्क्याने मुलगा गेला. शल्यविशारदांचे म्हणणे वेगळे होते. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले, तेथून उच्च न्यायालयात, तेथून सर्वोच्च न्यायालयात. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला 2 मे 1968 रोजी. अपघातास पंधरा वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उणे होते. वडिलांचे म्हणणे तिन्ही न्यायालयांनी ग्राह्य धरले. आणि भरपाईची रक्कम? तीन हजार रुपये.

रुपयांच्या हिशेबाने ही लढाई म्हणजे शुद्ध तोटा. पंधरा वर्षांच्या प्रवासखर्चासही ते तीन हजार पुरले नसतील. परंतु त्या निकालाने या देशातील प्रत्येक रोग्यास एक वस्तू मिळाली. रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, त्यास कोणता उपचार द्यावा हे ठरविताना, आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना, अशा तीन जागी डॉक्टरांवर काळजीचे कर्तव्य असते, हे त्यात स्पष्ट सांगितले गेले. वैद्यकीय हयगयीच्या दाव्यांत आजही वकील तो निकाल वाचून दाखवितात. आम्हीही अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी तो किनारा आणि ती टॅक्सी डोळ्यांपुढे येते. त्या पित्यास काय झाले ते न्यायालयाच्या तोंडून ऐकावयाचे होते, असे आम्हांस वाटते. ते त्यांनी ऐकले. तीन हजार रुपयांची तडजोड त्यांस पहिल्याच वर्षी करता आली असती असे मानले, तरी तीत हे मिळाले नसते.

यावरून आमची जी समजूत झाली आहे ती सांगतो. दावा एकच दिसतो, पण त्याच्या पोटात दोन मागण्या असतात. एक, मागे राहिलेल्यांच्या पोटापाण्याची. दुसरी, गेलेल्याच्या बाबतीत खरे काय घडले आणि चूक कोणाची, हे कोणीतरी मान्य करण्याची. पहिली मागणी तडजोडीने पुरी होऊ शकते, आणि पुष्कळदा तडजोडीनेच अधिक बरी पुरी होते. दुसरी मात्र रकमेने पुरी होत नाही, कारण तडजोडीच्या जवळजवळ प्रत्येक कागदावर एक वाक्य असते: “दोष मान्य न करता.” ज्या घरास मुळात दुसरी गोष्ट हवी आहे, त्याने कितीही मोठी रक्कम घेऊन सही केली तरी ते घर दहा वर्षांनीही त्या रुग्णालयावरून जाताना मान फिरविते. आणि ज्या घरास पहिली गोष्ट हवी आहे, त्यास दुसरीच्या नावाने पंधरा वर्षे रस्त्यावर उभे ठेवणे हे क्रौर्य आहे. सहीच्या आधी विचारावयाचा प्रश्न “किती?” हा नसून “यांपैकी काय?” हा आहे.

क्वचित दोन्ही मिळतात. आमच्या परिचयाचे एक शिक्षक आहेत. त्यांच्या अनुमतीने सांगतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची आई रात्रीत गेली. त्यांनी सर्वप्रथम रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून आईचे सारे कागद मागविले. मागणी केल्यापासून बहात्तर तासांत ते द्यावे लागतात, असा वैद्यकव्यवसायाचा 2002 सालापासूनचा नियम आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. परिचारिकेच्या नोंदीत रक्तदाब उतरत असल्याचे दोनदा लिहिले होते. नातलगांचा आग्रह होता की, फौजदारी लावा म्हणजे डॉक्टर घाबरून पैसे देतील. आम्ही नकार दिला. वैद्यकीय चुकीस गुन्हा ठरविण्यासाठी हयगय अत्यंत ढोबळ असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सांगितले आहे. आणि गुन्ह्याची भीती घालून केलेली वसुली आम्ही तडजोड मानीत नाही. दावा ग्राहक आयोगापुढे दोन वर्षांच्या मुदतीत लावला. रुग्णालयाने सहा लाख देऊ केले. अटी दोन, दोष मान्य नाही आणि कोठे वाच्यता करावयाची नाही. शिक्षकांनी ते कागद टेबलावर परत ठेवले.

पुढे आयोगाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठविले. मध्यस्थीत जे बोलले जाते ते पुढे न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. तडजोडीची बोलणी केली म्हणजे आपला दावा दुबळा ठरतो, या समजुतीस म्हणूनच अर्थ नाही. आणि त्या बंद दाराचा दुसरा एक गुण आम्हांस त्या दिवशी दिसला. ज्येष्ठ शल्यचिकित्सक स्वतः आले होते. वकिलांनी त्यांस गप्प राहण्याची खूण केली, तरी ते बोलले. रात्री दोनदा दूरध्वनी आला, आपण सकाळी बघू म्हणालो, पहाटे आलो तेव्हा उशीर झाला होता, असे त्यांनी सांगितले. “मी तेव्हाच यायला हवे होते,” एवढे म्हणून ते थांबले. उघड न्यायालयात, साक्षीच्या पिंजऱ्यात, हे वाक्य कोणत्याही वकिलाने त्यांस उच्चारू दिले नसते.

शिक्षकांनी तेच सहा लाख घेतले. फक्त वाच्यतेची अट खोडावयास लावली.

राहता राहिला निर्णय कोणी करावा हा प्रश्न. पूर्वी ज्ञातीतील तंटे चार वडीलधाऱ्यांपुढे मिटत. तो काळ गेला, आणि गेला हे सर्वस्वी वाईट झाले असे आम्हांस वाटत नाही. कारण त्या बैठकीत बाईस बोलावीत नसत. दुसऱ्याने आपल्या वतीने केलेली तडजोड पुढच्या पिढीपर्यंत कशी सलत राहते, हे भोपाळने दाखविले आहे. 1984 च्या डिसेंबरातील विषारी वायूच्या त्या रात्रीनंतर 1985 साली कायदा होऊन सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. मागणी तीन अब्ज डॉलरांच्या वर होती. 14 फेब्रुवारी 1989 रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे 47 कोटी डॉलरांवर मिटली. ती रक्कम योग्य की अयोग्य यावर मोठमोठ्या विधिज्ञांचे मतभेद आहेत. पण ज्यांचे गेले होते त्यांना सहीपूर्वी कोणी विचारले नव्हते, याबद्दल मतभेद नाही. ती तडजोड पुन्हा उघडावी म्हणून केंद्र सरकारनेच केलेली याचिका 14 मार्च 2023 रोजी फेटाळली गेली. चौतीस वर्षांनीही तो प्रश्न न्यायालयाच्या दारी उभा होता.

चिटणीसांचे घड्याळाकडे लक्ष गेलेले दिसते, म्हणून मुदतीविषयी दोन शब्द बोलून थांबतो. मोटार अपघाताचा दावा सहा महिन्यांत लावावा, अशी दुरुस्ती 1 एप्रिल 2022 पासून अमलात आली आहे. तेव्हा सुतक फिटल्यावर “पाहू पुढे” म्हणून वर्ष घालवू नये. त्याच दुरुस्तीने, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख मागण्याची सोय झाली आहे. तो मार्ग जलद आहे; पण तो पत्करून रक्कम घेतली की मोठ्या दाव्याचे दार बंद होते, म्हणून आधी वर सांगितलेला गुणाकार करून पाहावा.

मंडळाच्या कार्यालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही व आमचे दोन तरुण सहकारी बसत असतो. फी नाही. येताना पोलिसांतील फिर्यादीची व पंचनाम्याची नक्कल, शवविच्छेदनाचा किंवा इजेचा दाखला, पगाराचा दाखला अथवा उत्पन्नाचा कोणताही कागद, शिधापत्रिका आणि रुग्णालयाची बिले आणावीत. समोरच्या पक्षाकडून काही लेखी आले असेल तर त्यावर सही करण्यापूर्वी यावे, केल्यानंतर नव्हे. आणि ज्या बाईचा दावा असेल तिला बरोबर आणावे. दीर, मामा, शेजारी आले तरी चालतील. त्यांच्यासाठी बाहेरच्या खोलीत खुर्च्या आहेत.